मार नेमका कुठे लागला?

जुनी फियाट दारात आली की मालकाची पहिली सूचना ठरलेली असते, "आतून चार हातोडे मारा, पोचा निघेल." गाडीवरच्या जिव्हाळ्यापोटीच म्हणतात ते. पण दिसतो तेवढ्या सगळ्या पत्र्याला मार लागलेला नसतो. खरा मोडलेला पत्रा थोडाच. बाकीचा त्याच्यासोबत नुसता ओढला गेलेला. मोडलेल्या भागाची पकड सोडवली की उरलेला आपणहून जागेवर येतो. म्हणून कुठे ठोकायचं याआधी कुठे ठोकायचं नाही, ते कळावं लागतं.

सध्या माझ्या हातात 1100 डिलाइटचं डावं मडगार्ड आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं हे मॉडेल 1964 मध्ये आलं. त्याचीच पुढे 1974 मध्ये पद्मिनी झाली. चाकाच्या कमानीवर हातभर पोचा आहे आणि त्याच्या खालच्या कडेनं दाराकडे गेलेली एक धारदार घडी. नजर पोच्यावर जाते, पण दुखणं घडीत आहे. पत्रा जिथे दुमडतो तिथे तो कडक होतो. आतून पोच्याच्या मधोमध हातोडा घातला तर ही कडक घडी जागची हलत नाही. तिच्या शेजारचा मऊ, शाबूत पत्रा मात्र ताणला जातो आणि एका दुखण्याची दोन होतात.

आधी मडगार्ड आतून खरवडून घ्यायचं. चिखल, गंज, डांबराचा जुना थर, सगळं. थर राहिला तर डॉली, म्हणजे पत्र्यामागे आधाराला धरायचा लोखंडी ठोकळा, पत्र्याला नीट टेकत नाही. मग धडक कशी बसली असेल ते पाहायचं आणि उलटं चालायचं: जे शेवटी वाकलं ते आधी सोडवायचं. पोच्याच्या कडेला फुगून आलेला उंचवटा बहुतेक वेळा शेवटचाच असतो. आतून डॉली खोलगट भागावर रेटून धरायची आणि बाहेरून हातोडा शेजारच्या उंचवट्यावर टाकायचा, हलका पण सलग. उंचवटा बसतो, त्याच वेळी डॉलीच्या रेट्यानं खोलगट भाग वर येतो. घडीच्या टोकाकडून मध्याकडे असं सरकत जायचं. मध्येच केव्हातरी 'टप्' असा आवाज होतो आणि हातोडा शिवलेलाही नाही असा वीतभर पत्रा मूळच्या गोलाईत परत येतो. त्या आवाजासाठी मी हे काम करतो, असं म्हटलं तरी चालेल.

पुढची तपासणी हाताची. तळव्याखाली मऊ फडकं धरून पूर्ण पंजा लांबवर फिरवला की डोळ्याला न दिसणारी लहर कळते. मग कानस आडवी, अगदी हलकी फिरवायची. उंच जागा चकाकतात, खोल जागा काळ्या राहतात. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. कानशीनं तो खायचा नसतो, फक्त वाचायचा असतो.

घडीतला पत्रा ताणून वाढलेला असतो. अंगठ्यानं दाबला की आत-बाहेर टकटकतो. तिथे गॅसच्या बारीक ज्योतीनं रुपयाच्या नाण्याहून लहान ठिपका लाल करायचा. तापलेला ठिपका पसरू पाहतो, भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी जाड होतो. निवताना आकसतो आणि जास्तीचा पत्रा ओढून घेतो. लाली उतरली की ओलं फडकं लावायचं आणि पुन्हा हात फिरवून पाहायचा. घाईनं ठिपक्यांवर ठिपके दिले तर पत्रा आखडून वेगळाच वेडावाकडा होतो.

हे सगळं टाळून पुट्टी भरता येते. शेवटच्या बारीक खळग्यांना तिचा पातळ हात मीही देतो. पण बोटभर जाडीचा थर उन्हात पत्र्याइतकाच पसरत नाही. चीर पडते, पावसाळ्यात तिथून पाणी शिरतं आणि गंज आतून खात सुटतो. असे थर मी फोडले आहेत. खाली पोचा जसाच्या तसा असतो, त्याला कुणी हातही लावलेला नसतो.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्यावर मठारकाम चालतं. तिथे हातोड्याच्या खुणा शोभा म्हणून ठेवतात. आम्हाला एकही खूण उरू द्यायची नसते. शिस्त मात्र तीच: घाव एकसारखा, मागे आधार पक्का.

2023 मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या साच्यातून आता नवं मडगार्ड निघणार नाही, तेव्हा या गाड्यांचा जो मूळ पत्रा शिल्लक आहे तो जपणं आमच्याकडेच आलं आहे. म्हणून शिकायला येणाऱ्या पोरांच्या हाती मी हातोड्याआधी खडू देतो. पोच्यावर हात फिरवा, शाबूत पत्रा कुठवर आहे ते शोधा आणि तिथे रेघ मारा. रेघेपलीकडे घाव घालायचा नाही. ही रेघ ज्याला बरोबर मारता आली, त्याला हातोडा शिकवणं अवघड नाही.