अक्षहृदय आणि अनुद्यूत

द्यूत म्हटले की आपल्याला युधिष्ठिर आठवतो. नळ उशिरा आठवतो. पुष्कराशी खेळून राज्य गमावलेल्या नळाला पुढे ऋतुपर्णाने अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकविले. आम्हां लोधीखेड्याच्या लोकांना तर विदर्भकन्या दमयंतीचा हा पती शेजारघरचा जावईच वाटतो.

२०१९ साली पणजीला, मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो-नौकेवर, पोकरच्या एका मोठ्या स्पर्धेत उतरण्याचा योग आला. आमच्याकडे दिवाळीत तीनपत्ती रंगते ती उत्साहावर; येथे सारा कारभार संयमाचा. प्रत्येकाला दोन झाकली पाने, मध्ये सर्वांची मिळून पाच. सक्तीने लावावयाच्या चिप्स ठरावीक वेळाने वाढत जातात, म्हणून नुसता बसणाराही झिजतो. तरीही शेजारचे मुरलेले गृहस्थ बहुतेक डाव न खेळताच पाने टाकीत होते.

तिसऱ्या तासाला मला दोन एक्के आले. २२१ डावांत सरासरी एकदा येणारी ही जोडी! मी सर्व चिप्स पुढे सारल्या. समोर दोन बादशहा निघाले. अशा झुंजीत शंभरांत सुमारे ८२ वेळा एक्केच जिंकतात. त्या रात्री मात्र तिसरा बादशहा आला.

शुल्क भरून पुन्हा बसण्याची मुभा होती. गणित माझ्या बाजूचे होते, म्हणूनच मोह दुणावला. पण खिशातले पैसे संत्राबागेच्या मोटारपंपाचे होते, आणि धर्मराजही अनुद्यूताच्या बोलावण्यालाच परत फिरला होता. मी नमस्कार करून उठलो.

दुसऱ्या दिवशी कवळ्याला श्रीशांतादुर्गेचे दर्शन घेऊन घरची वाट धरली. त्या उन्हाळ्यात बागेला पाणी कमी पडले नाही.