वर्ग शून्य

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. गेल्या दोन-तीन महिन्यांत पुण्याहून जर्मनीत यायला निघालेल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "तिकडे इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का रे?" आणि तिघांची पुढची चौकशीही एकाच वळणाने गेली. रेंज किती, थंडीत किती उरते, चार्जिंगला वेळ किती. रास्त प्रश्न आहेत आणि उत्तरं सोपी आहेत: थंडीत रेंज बऱ्यापैकी घटते, हीट पंप असलेली गाडी बघा, ऑफिसच्या जाण्यायेण्याची काळजी करू नका. विम्याबद्दल मात्र एकानेही विचारलं नाही. आणि नवख्या माणसाच्या खिशाला इथे खरी कात्री लागते ती तिथेच.

म्हणून आज विमा. कंटाळा आला तर मधला प्राण्याचा भाग तेवढा वाचा :)

मी स्टुटगार्टला राहतो. मोटारींचं गाव. १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहरही आहे, पण ते नातं विमा कंपन्यांना कोणी कळवलेलं दिसत नाही.

आधी परवाना. इथे राहायला आल्यापासून सहा महिने भारतीय परवाना चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. (लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते, एवढा दिलासा.) त्या दिल्या, पास झालो, कार्ड हातात आलं. पुण्यात अकरा वर्षं गाडी चालवली होती, एकही क्लेम नाही, ५० टक्के नो क्लेम बोनस. त्या कंपनीचं शिक्क्यासह इंग्रजी पत्रही मी येताना फाइलमध्ये घालून आणलं होतं. मध्यमवर्गीय मराठी माणूस कागद सोडत नाही!

तर इथली पद्धत अशी. विनाक्लेम गेलेल्या वर्षांवरून तुमचा एक वर्ग ठरतो, त्याला एसएफ वर्ग म्हणतात. शून्यापासून सुरुवात, दर वर्षी एक पायरी वर, आणि वर चढत जाल तसा हप्ता उतरत जातो. तीस-पस्तीस वर्षं निर्धोक चालवणारे आजोबा नवख्याच्या मानाने अगदी किरकोळ पैसे भरतात. क्लेम केलात की सापशिडीतल्यासारखे काही पायऱ्या खाली. आपल्याकडे एका क्लेमने बोनस थेट शून्यावर येतो, त्यामानाने हे दयाळूच म्हणायचं.

मी पत्र घेऊन एका कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाई अतिशय नम्र होत्या.

"पत्र छान आहे हो. पण आमच्या यादीत भारत नाही."

"यादीत म्हणजे, ड्रॉपडाउनमध्ये?"

"हो."

ड्रॉपडाउनमध्ये एक ओळ वाढवायला किती वेळ लागतो हे मला पोटापाण्यामुळे चांगलं माहीत आहे. पण प्रश्न त्या ओळीचा नव्हताच. पुण्यातली वर्षं मोजायला कंपनी तयार नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या वर्षाचा हप्ता आला १,६४० युरो. माझ्या शेजारी बसणारा सहकारी, जवळपास तशीच गाडी, भरतो ६१०.

हा सहकारी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याला एवढा वरचा वर्ग कुठून मिळाला? आजोबांकडून! त्यांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हा आपली वर्षं नातवाच्या नावे केली. हे इथे रीतसर करता येतं. नातवाला स्वतःच्या परवान्याच्या काळात जेवढी मिळवता आली असती तेवढीच वर्षं मिळतात, उरलेली वाया जातात, आणि एकदा दिली की आजोबांना परत मिळत नाहीत. मला ही कल्पना फार आवडली. सोनंनाणं, शेत, फ्लॅट हे वारसा म्हणून ऐकलं होतं; न केलेल्या अपघातांचा वारसा पहिल्यांदाच ऐकला. माझ्या बाबांनी चाळीस वर्षं पुण्याच्या रस्त्यांवर (तुम्हाला माहीत आहेत ते) गाडी चालवली आणि कोणाला साधा ओरखडा काढला नाही. पण ती चाळीस वर्षं मला इथे कामाला येत नाहीत.

बरं, सगळ्याच परदेशी लोकांचं असं होतं का? नाही. डब्लिनहून म्युनिकला आलेल्याचं तितकं अडत नाही. युरोपियन युनियनच्या २०२१ च्या निर्देशानुसार दुसऱ्या सदस्य देशातलं क्लेमचं प्रमाणपत्र केवळ परक्या देशाचं म्हणून कमी लेखता येत नाही. पुण्याहून येणाऱ्याला असं काही संरक्षण नाही. कंपनीच्या मर्जीचा मामला. काही कंपन्या भारतीय पत्र बघतात, म्हणून करार करण्याआधी लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. मी पुढे चार ठिकाणी विचारलं. तिघांचा नकार आला, चौथ्याने उत्तरच दिलं नाही.

आता गाडीकडे. माणसाला जसा वर्ग तसा गाडीच्या मॉडेललाही असतो, आणि गावालाही. इथल्या विमा कंपन्यांची संघटना दर वर्षी मॉडेलनिहाय नुकसानीचे आकडे बघून हे वर्ग ठरवते; पूर्ण विम्यासाठी १० ते ३४, जितका मोठा आकडा तितका हप्ता जास्त. नव्या मॉडेलचा इतिहास थोडा, आणि इलेक्ट्रिक गाडीची दुरुस्ती महाग. म्हणजे इतिहास नसलेला मालक आणि फारसा इतिहास नसलेली गाडी. दुष्काळात तेरावा महिना.

पण एक गोष्ट मला कोणी सांगितली नाही, अटी वाचताना सापडली. विम्याचे तीन थर असतात. पहिला सक्तीचा, दुसऱ्याच्या नुकसानीचा. शेवटचा पूर्ण, म्हणजे आपल्या चुकीने आपल्याच गाडीचं झालेलं नुकसानही धरणारा. या दोघांना एसएफ वर्ग लागू. मधला थर चोरी, आग, गारपीट, फुटलेली काच, रस्त्यात आडवं आलेलं हरीण वगैरेंचा. त्याला वर्गच नाही! तिथे मी आणि ते आजोबा सारखे. गाडी जुनी असेल आणि हप्ता झेपत नसेल, तर नवख्याने या मधल्या थरावर थांबण्याचा विचार जरूर करावा. माझी गाडी सेकंडहँड, पण बॅटरीची धास्ती होती म्हणून मी पूर्ण विमा घेतला.

आणि आता तो प्राणी. मार्डर. मांजराएवढा, लांबोडका, झुपकेदार शेपटीचा, रात्री फिरणारा. पार्क केलेल्या गाडीच्या पोटात शिरून वायरी आणि रबरी नळ्या चावतो. आपल्याकडे उंदीर करतात तेच, पण याच्या हद्दीचा मामला फार कडक. गाडीला दुसऱ्या मार्डरचा वास आला की हा पिसाळतो आणि दिसेल ते फाडतो. म्हणजे रोज वेगवेगळ्या गल्लीत गाडी लावणाऱ्या भाडेकरूची गाडी त्याला जास्त खटकते. इथे वर्षाला दोन लाखांहून जास्त क्लेम या एका प्राण्याचे असतात. पेट्रोल गाडीत दात लागला तर बऱ्याचदा थोडक्यात निभावतं. इलेक्ट्रिकमध्ये जाड हाय व्होल्टेज केबलला लागला तर ती सहसा अख्खी बदलतात, आणि बिल हजारांत जातं. म्हणून पॉलिसीत 'मार्डरचा चावा' एवढं दिसलं की खूश होऊ नका. चाव्यामुळे पुढे होणारं नुकसान धरलंय का, आणि किती रकमेपर्यंत, ते बघा. बॅटरी आणि चार्जिंग केबलचं कलमही असंच डोळ्यात तेल घालून वाचा.

थोडं हिशेबाचं. नवा वर्ग जानेवारीत मिळतो, पण त्यासाठी त्या वर्षात निदान सहा महिने विमा चालू असावा लागतो. म्हणून गाडी १ जुलैच्या आत नोंदवा. कंपनी बदलायची असेल तर बहुतेक करारांना ३० नोव्हेंबरपर्यंत नोटीस लागते. माझ्या गाडीला २०३० अखेरपर्यंत वाहनकर नाही. शिवाय वाचवलेल्या कार्बनचा कोटा इलेक्ट्रिक गाडीच्या मालकाला दर वर्षी विकता येतो. २०२२ मध्ये त्याचे तीनशेच्या पुढे मिळायचे, मग भाव कोसळले. पण तो देताना गेल्या अकरा वर्षांत तुम्ही कुठे होतात, असं कोणी विचारत नाही, हे मला भारी वाटतं.

लीजचं काय, असंही विचारतात. मला हवं होतं अठ्ठेचाळीस महिन्यांचं, व्हिसा उरला होता एकतीस महिने. त्यांनी गोड शब्दांत नाही म्हटलं. आणि विकत घेतलेली गाडी परत जाताना नेऊ म्हणाल, तर स्टिअरिंग डावीकडे असल्याने ती भारतात आयात करता येत नाही. म्हणजे जाताना विकायची. जमवलेले वर्गही इथेच राहणार. बायको म्हणते, एवढ्यासाठी जर्मनीत म्हातारं व्हायचं का? मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मे महिन्यात आईबाबा येणार आहेत. बाबांना डेगरलोखच्या घाटातून शहरात उतरताना बॅटरी भरते ते स्वतः चालवून बघायचंय. परवान्याचं भाषांतर करून घेतलं की चालवता येईल. कंपनीला कळवलं, पंधरा दिवसांसाठी ज्यादा चालक. फॉर्म आला. परवाना मिळाल्याचं वर्ष: १९८१. कुठला देश: ड्रॉपडाउन.

'इतर' निवडलं. चौतीस युरो.