छातीचं दुखणं आणि साखरेचा डबा

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेलं माणूस दवाखान्यातून घरी आलं, की आपण बायका लगेच कामाला लागतो. तुपाची बरणी वरच्या फळीवर जाते, पापड-लोणचं बंद होतं, भाजीत मीठ बेतानं पडतं. पण मैत्रिणींनो, साखरेचा डबा मात्र जागच्या जागी राहतो! छातीच्या दुखण्याशी त्याचा काय संबंध, असंच आपल्याला वाटतं.

आमच्या घरीही तसंच वाटत होतं. गेल्या वर्षी माझ्या मोठ्या दिरांना झटका आला. उपाशीपोटीची साखर १०८ होती, तेव्हा त्या बाबतीत सगळे निर्धास्त. भेटायला येणारे चिकू, द्राक्षं आणायचे. अंगात ताकद यावी म्हणून जाऊबाई रोज खीर द्यायच्या. तूप नाही, पण गोड अगदी पहिल्यासारखी.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी ग्लुकोजचं पाणी पिऊन रक्त तपासायला सांगितलं. भावजी वैतागलेच. म्हणाले, "दुखणं छातीचं, आणि हे साखर काय शोधतात?" दोन तासांनंतरचा आकडा आला २१६. पुन्हा तपासलं, तरी तेच. तहान नाही, वजन घटणं नाही, रात्री उठणं नाही. मधुमेह मुकाट्यानं घरात येऊन बसला होता!

हे आमच्याच घरचं नवल नव्हे. झटका आलेल्या, पण मधुमेह असल्याचं माहीत नसलेल्या १८१ रुग्णांची पाहणी स्वीडनमधल्या डॉक्टरांनी २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. ग्लुकोजच्या तपासणीत सुमारे एक तृतीयांश लोकांना मधुमेह निघाला आणि तितकेच लोक त्याच्या उंबरठ्यावर होते.

वाढलेली साखर रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडवते. शिवाय मधुमेह्याला दुसरा झटका आला, तर छातीत दुखेलच असं नाही. नुसता घाम, दम, थकवा एवढंच जाणवू शकतं. निदान झालं तर औषधंही वेगळी निवडता येतात. साखरेवरची काही नवी औषधं हृदयालाही सांभाळतात.

म्हणून आकडे लक्षात ठेवा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त, म्हणजे मधुमेह. मात्र झटक्याच्या ताणानंही साखर तात्पुरती चढते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं. अंगात रक्त कमी असेल, तर एचबीएवनसी कधी कधी चकवते. तेही डॉक्टरांच्या कानावर घालावं.

भावजींच्या औषधांत आता बदल झाला आहे. जेवणानंतर ते अर्धा तास चालतात, भात मोजून घेतात. जाऊबाईंनी खीर बंद करून मूग-मटकीची उसळ सुरू केली. कुरकुर होते, पण साखर उतरते आहे.

तुमच्याही घरात कुणाला झटका येऊन गेला असेल, तर आज दुपारी निवांतपणे त्यांची फाईल उघडा. साखरेचा आकडा शोधा. तो नसेल, किंवा नुसता उपाशीपोटीचा असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्वतः विचारा. विचारायला संकोच कसला, बाई? घरचं पथ्यपाणी शेवटी आपल्याच हाती असतं ना!