जाकीट, साबण आणि अळूचे पान

पावसाळा तोंडावर आला की आमच्या मोहल्ल्यातल्या कपाटांतून परदेशी जाकिटे बाहेर निघतात. रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे खाडीकाठचे गाव. कोणाचा मुलगा बोटीवर, कोणाचा आखातात, कोणाची फुफी इंग्लंडात स्थायिक झालेली. सुट्टीवर येताना कोणी खजूर आणतो, कोणी अत्तर, तर कोणी पावसाचे जाकीट. मोटारसायकलवरून तालुक्याच्या गावी जाणाऱ्याला कोकणच्या पावसात ते जाकीट म्हणजे नेमतच वाटते. पण दोन-तीन पावसाळे गेले की तेच जाकीट पाणी प्यायला लागते. खांदे ओले दिसतात, आत दमट वाटते आणि घरात एक ठरलेले वाक्य ऐकू येते, "तूच धुऊन वाट लावलीस."

हे वाक्य मी पुष्कळ घरांत ऐकले आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे औषधाची चिठ्ठी, बँकेचा कागद, सरकारी अर्ज असे काहीही घेऊन बायका माझ्याकडे येतात. गेल्या जूनमध्ये शेजारच्या भाभी नवऱ्याचे जाकीट घेऊन आल्या. जाकिटाची किंमत त्यांना तोंडपाठ होती, कारण आठवडाभर ती त्यांना ऐकवली जात होती. त्या म्हणाल्या, "टीचर, मी खरंच खराब केलं का, एवढंच बघून सांगा."

जाकिटाच्या आतल्या शिवणीत एक पांढरी पट्टी होती. तिच्यावर इंग्रजी अक्षरे थोडी आणि चित्रे जास्त. पाण्याच्या टबात ३० आकडा, म्हणजे पाणी ३० अंशांपेक्षा गरम नको. फुली मारलेला त्रिकोण, म्हणजे ब्लीच वापरू नका. इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका, म्हणजे अगदी मंद इस्त्री चालेल. भाभींनी पाणी थंडच वापरले होते. ब्लीच त्यांच्या घरात नाही. मग बिघडले काय?

बी.एड.ला आम्हांला एक सूत्र शिकवले होते, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. भाभींना घेऊन मी परसात गेले. तिथे अळू माजलेला होता. पानावर पाणी ओतले तर त्याचे मोती झाले आणि घरंगळून गेले. अळवावरचे पाणी ही म्हण आपण कितीदा वापरतो. मग त्याच पानावर साबणाचे पाणी शिंपडले. मोती झालेच नाहीत, पाणी पसरले आणि पान ओले झाले. पान तेच होते. पाण्याला धरून ठेवणारा साबण मात्र मध्ये आला होता.

पावसाच्या जाकिटाचेही असेच आहे. त्याच्या बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा एक अतिशय पातळ लेप असतो. त्याखाली एक पडदा असतो आणि त्याखाली अस्तर. खरा पाऊस अडवतो तो हा मधला पडदा. चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबर घालून रेनकोटाचे कापड केले. त्याने पाऊस अडला, पण अंगचा घामही आतच अडकला. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोअर यांनी, तवा चिकटू नये म्हणून ज्या पदार्थाचा लेप देतात तोच पदार्थ गरम करून झटक्यात ताणला. त्याचा असा पडदा तयार झाला की पावसाचा थेंब आत येत नाही आणि घामाची वाफ मात्र बाहेर जाते. पण बाहेरचे कापडच ओले होऊन बसले तर वाफेची वाट बंद होते. घाम आत साचतो. अंगात घालणाऱ्याला वाटते, जाकीट गळते आहे. पुष्कळदा पडदा शाबूत असतो, बिघडलेली असते ती वरची कातडी.

तिला बिघडवते काय? धुण्याची पावडर. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. म्हणून तर मळ निघतो. पण असे कण कापडात राहून गेले की तेच पुढच्या पावसात पाण्याला बोलावून घेतात. कपडे मऊ व सुगंधी करणारे जे कंडिशनर मिळते, ते याहून वाईट. ते कापडावर मुद्दाम राहण्यासाठीच बनवलेले असते.

मग काही जण शहाणपणाने सांगतात, जाकीट धुऊच नका. तेही चूक. घाम, केसांचे तेल, धूळ आणि गाडीचा धूर यांचा थर बसला तरी पाणी झिरपू लागते. म्हणजे न धुणाऱ्याचेही जाकीट बिघडते. आरोप मात्र धुणारीवरच येतो.

भाभींना मी सांगितलेली रीत अशी. खिसे रिकामे करावेत, सगळ्या चेन आणि वेल्क्रो बंद करावेत. अशा जाकिटांसाठी खास धुलाईचा द्रव शहरात मिळतो. तो नसेल तर सुगंध व मऊपणा न देणारा साधा पातळ साबण अगदी थोडा घ्यावा. कॉलर आणि बाह्यांची टोके हाताने हलके चोळावीत, ब्रश घासू नये. त्यानंतर स्वच्छ पाण्यातून काढावे, एकदा नव्हे, तीनदा. फेस दिसत असेल तर चौथ्यांदा. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या कपडा पाक करायचा म्हणून तीन पाण्यांतून काढायला सांगत आल्या आहेत. जाकिटाला नेमके हेच हवे असते. पिळू नये, हँगरला लावून निथळू द्यावे आणि पंख्याखाली सावलीत वाळवावे.

शेवटची पायरी बहुतेकांना ठाऊक नसते. वरचा लेप उष्णतेने पुन्हा ताळ्यावर येतो. परदेशात त्यासाठी कपडे वाळवण्याचे यंत्र असते. आपल्याकडे वाळलेल्या जाकिटावर सुती कापड अंथरून, वाफ न सोडता, मंद इस्त्री फिरवावी. पट्टीवर इस्त्रीला फुली असेल तर मात्र हे करू नये. आणि बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या रेनकोटाला इस्त्री कधीच लावू नये, तो वितळेल. तो नुसता ओल्या फडक्याने पुसावा.

चार दिवसांनी भाभींच्या अंगणात आम्ही त्या जाकिटावर तांब्याने पाणी ओतले. पाठीवर आणि बाह्यांवर मोती उभे राहिले. खांद्यावर, जिथे बॅगेचा पट्टा रोज घासतो, तिथे पाणी पसरलेच. तिथला लेप झिजलेला होता. त्यासाठी फवारायचे औषध मिळते, ते मुंबईहून मागवले. पट्ट्याच्या घासण्याला भाभी जबाबदार नव्हत्या. हे भाईंनाही दिसले. ते काही बोलले नाहीत, पण किंमत ऐकवणे थांबले.

काही जाकिटांना इलाज नसतो. आतला पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि त्याची सालपटे निघतात. ओलसर जाकीट घडी घालून बंद कपाटात ठेवले की हे लवकर होते. म्हणून पावसाळा संपताना धुऊन, पूर्ण वाळवून, हवेशीर जागी टांगून ठेवावे.

पुढे तर काळजी वाढणारच आहे. जुन्या लेपांत फ्लोरिनची रसायने असत. ती तेलही झटकत, पण निसर्गात नष्ट होत नाहीत म्हणून आता कंपन्या ती सोडत आहेत. गोअर कंपनीनेही २०२२ पासून अशा रसायनांशिवायचा नवा पडदा बाजारात आणला. फ्लोरिन नसलेले लेप तेल तितके झटकत नाहीत, म्हणून अशी जाकिटे जास्त वेळा धुवावी लागतात.

मला यात एक गोष्ट खुपते. वस्तू परदेशातून घरी येते, तिचे ज्ञान मात्र पट्टीवरच राहते. त्या अज्ञानाचा दंड भरते ती जिने वस्तू मागितली नव्हती आणि जी ती घालतही नाही. म्हणून आठवीच्या वर्गात मी अळूचे पान नेले. फळ्यावर टब, त्रिकोण आणि इस्त्री काढली, त्यांचे अर्थ उर्दूत लिहिले. घरचे एक जाकीट किंवा दप्तर तीन पाण्यांतून काढून आणा, असा गृहपाठ दिला. मुलींना दिला आणि मुलग्यांनाही दिला. दोन-तीन मुलगे हसले. मी म्हटले, "पट्टी वाचता येते ना? मग धुताही येईल."