न बोलावता

शहाडचा एक तरुण परवा म्हणाला, "फादर, कॉलेजच्या कबड्डी संघात मला कुणी बोलावले नाही. आपणहून गेलो आणि नाकारले, तर हसे होईल."

मला खाशाबा जाधव आठवले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात किरकोळ अंगकाठीमुळे क्रीडाशिक्षकांनी त्यांना कुस्तीस नाकारले. त्यांनी प्राचार्यांकडे संधी मागितली आणि धिप्पाड मल्लांना चीत केले. पुढे १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक जिंकले.

पदक विरळ्यालाच लाभते. कबड्डीत तर बारांपैकी सातच मैदानात उतरतात. मात्र बाहेरच्या पाचांवाचून सराव होत नाही, संघ उभा राहत नाही. तेही मानाचेच स्थान आहे.

प्रिय तरुणांनो, निमंत्रणासाठी खोळंबू नका. दार ठोठावण्यात कमीपणा नाही.