औली की गुलमर्ग? चिचगडहून बर्फाकडे

आमच्या चिचगडला बर्फ म्हणजे रसवंतीवरची लादी, नाहीतर लग्नाच्या सरबतासाठी भुशात गुंडाळून आणलेली. आकाशातून पडलेला बर्फ आमच्या घरात कोणीच पाहिलेला नाही. म्हणून सुट्टीत बर्फ पाहायला जायचे ठरले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, आणि दुसऱ्याच दिवशी वाद सुरू झाला. उत्तराखंडातील औली की काश्मीरमधील गुलमर्ग? धाकट्याला स्कीइंग करायचे होते, थोरलीला बर्फ हातात घ्यायचा होता, आणि अम्मींचे गुडघे कोणत्याच बाजूने कौल देत नव्हते. साठवलेले पैसे एकाच प्रवासापुरते होते. तेव्हा निवड हिशेबाने करणे भाग होते.

पहिला हिशेब कॅलेंडरचा. स्कीइंगचा खरा मोसम जानेवारी ते मार्च. तेव्हा शाळा चालू असतात आणि दहावी-बारावीच्या परीक्षा डोक्यावर असतात. शिवाय 2026 मध्ये रमजान फेब्रुवारीच्या मध्यावर, 2027 मध्ये त्याहून दहा-अकरा दिवस आधी आणि 2028 मध्ये जानेवारीच्या शेवटी सुरू होतो. म्हणजे पुढची काही वर्षे बर्फाचे दिवस आणि रोज्यांचे दिवस एकच. उरतो मे महिना. धाकट्याचे स्कीइंग इथेच मागे पडले. शिकायचे असेल त्याने गढवाल मंडल विकास निगमचे औलीतील वर्ग किंवा गुलमर्गच्या केंद्रीय संस्थेचे वर्ग हिवाळ्यातच गाठावेत.

दुसरा हिशेब रस्त्याचा. गोंदियाहून गोंडवाना किंवा समता एक्सप्रेसने हजरत निजामुद्दीन गाठायचे, इथपर्यंत दोन्ही वाटा सारख्याच. औलीसाठी पुढे ऋषिकेश, आणि तिथून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग करत जोशीमठपर्यंत सुमारे 250 किलोमीटर घाटरस्ता. अम्मींना अख्खा दिवस गाडीत बसवणे जिवावर आले. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचली, शेकडो घरांना तडे गेले आणि औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. गुलमर्गची वाट मात्र सोपी झाली आहे. 6 जून 2025 रोजी कटरा-श्रीनगर रेल्वेचे उद्घाटन झाले. नदीपात्रापासून 359 मीटर उंच असलेल्या चिनाब पुलावरून वंदे भारत गाडी सुमारे तीन तासांत श्रीनगरला पोचते. तिथून टंगमर्गमार्गे गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर.

तिसरा हिशेब बर्फाचा. मे महिन्यात औलीचे उतार हिरवे असतात. समोर 7816 मीटर उंचीची नंदादेवी दिसते, पण ती दुरूनच. गुलमर्गचे कुरणही तेव्हा हिरवेच असते, मात्र गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटवर, जवळपास चार हजार मीटरवर गेले की बहुधा बर्फ सापडतो. तिथे हवा विरळ असल्याने रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. मग अम्मींचे काय? याचे उत्तर सोनमर्गमध्ये सापडले. श्रीनगरहून सोनमर्ग सुमारे 80 किलोमीटर. तिथून पुढे झोजिला खिंडीकडे मे महिन्यात रस्त्याच्या कडेलाच बर्फ असतो. गाडीतून उतरून चार पावले टाकली की झाले. अम्मी म्हणाल्या, “दुरूनच बघायचा असेल तर टीव्ही काय वाईट?” औलीचा निकाल त्या वाक्याने लागला.

तरीही एक प्रश्न उरला, आणि तोच सर्वांत जड होता. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामच्या बैसरन कुरणात दहशतवाद्यांनी 26 जणांची हत्या केली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातील सहा जण होते. पर्यटकांना वाचवू पाहणारा घोडेवाला सय्यद आदिल हुसैन शाहही त्यांत होता. आमचे एक परिचित सहज म्हणाले, “तुम्हाला तिथे कसली भीती?” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मुलांना घेऊन निघालेल्या आईबापाची काळजी नाव पाहून कमी-जास्त होत नाही. आम्हीही दोन रात्री विचार केला.

त्या विचारात चिचगडच आठवत राहिले. गडचिरोलीच्या सीमेलगतचा हा भाग ‘नक्षलग्रस्त’ म्हणून ओळखला गेला. इकडे बदली झाली की लोक हळहळायचे, सोयरीक जुळवायलाही कचरायचे. भीती खोटी नव्हती, पण त्या नावाखाली धान पिकवणारे, तेंदूपत्ता तोडणारे, शाळेत जाणारे आम्ही सगळेच झाकले गेलो. टंगमर्गला बूट-कोट भाड्याने देणारा, स्लेज ओढणारा, घोडा धरून उभा राहणारा माणूस आमच्यासारखाच असणार. त्याच टंगमर्ग परिसरातला आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता, हे धाकट्याला सांगितले तेव्हा त्याचा रुसवा थोडा उतरला. शेवटी ठरले, गुलमर्गलाच जायचे. जाण्याआधी प्रशासनाच्या सूचना पाहायच्या, बंद ठेवलेल्या जागी हट्टाने जायचे नाही आणि संध्याकाळच्या आत मुक्कामी परतायचे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी काही गोष्टी. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते, गोंडोलाची तिकिटे ऑनलाइन आधीच काढावी लागतात. 2026 मध्ये बकरी ईद मेच्या शेवटी आहे, म्हणून पहिल्या पंधरवड्यात जाऊन यावे. प्रवासात चार रकात फर्ज दोन होतात, ही सवलत मुलांना आधीच समजावून द्यावी. थंड पाण्याने वुजू करून चामडी मोजे घातले, तर मुसाफिराला तीन दिवस-रात्र त्यांवर मसह करता येतो. वृद्धांना याचा फार आधार होतो. आणि घोडेवाल्याशी भाव ठरवताना घासाघीस बेताची करावी. ज्या वर्षी पर्यटक येत नाहीत, त्या वर्षीही त्याच्या घरची चूल पेटावी लागते. चिचगडच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.