हिरवी टाचणी

काही वर्षांपूर्वी मी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात माझ्या मुलीकडे राहावयास गेलो होतो. तिचे घर गावाच्या अगदी कडेला होते. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. आयुष्यभर सुतारकाम करून ते निवृत्त झाले होते, आणि आता त्यांना एकच छंद होता. धातुशोधक यंत्र घेऊन ते नांगरलेल्या शेतांतून हिंडत आणि मातीत हरवलेल्या जुन्या वस्तू शोधीत. मात्र शेतमालकाची परवानगी घेतल्यावाचून ते कोणाच्याही बांधाच्या आत पाऊल टाकीत नसत.

एके दिवशी सकाळी त्यांनी मलाही बरोबर नेले. त्यांचे यंत्र म्हणजे एक लांब दांडा आणि त्याच्या खालच्या टोकाला ताटलीएवढे चपटे कडे. या कड्यात तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत बदलणारा वीजप्रवाह सोडला म्हणजे भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. खाली मातीत धातू असेल, तर त्या धातूतही क्षीण प्रवाह वाहू लागतो. त्याची चाहूल लागताच यंत्र कानात सूर घुमविते. येथे धातू आहे, एवढेच ते सांगते. ती वस्तू काय, कोणाची आणि केव्हाची, हे शोधण्याचे काम माणसाचे.

पहिला तासभर माझ्या वाट्याला बाटल्यांची झाकणे आणि नालांचे मोडके खिळेच आले. मग एकाएकी कानात स्वच्छ, उंच सूर उमटला. म्हाताऱ्यांनी खुरपे माझ्या हाती दिले. वीतभर मातीखाली एक बारीक, हिरवी काडी दिसली. मी ती अलगद उचलली. ती एक टाचणी होती! लांबीला बोटाएवढी, आणि एका टोकाला मटारच्या लहान दाण्याएवढे डोके. मी ती डोळ्यांजवळ नेली, तेव्हा डोक्याच्या एका बाजूवर एक अगदी लहान वर्तुळ आणि त्याच्या मधोमध ठिपका असल्यासारखे मला वाटले.

मी टाचणी न्याहाळत होतो, तेवढ्या वेळात म्हाताऱ्यांनी खिशातून वही काढली. नकाशा पाहून त्यांनी त्या जागेचे स्थानांक टिपले, खोली मोजली आणि तारीख घातली. मला मनातून हसू आले. एवढ्याशा टाचणीसाठी एवढी दप्तरदारी! दोन दिवसांनी ती जवळच्या वस्तुसंग्रहालयात दाखवावयाची होती. तोवर ती आपल्याजवळ असू द्यावी, अशी मी विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली.

त्या रात्री माझ्या हातून जे घडले, ते सांगताना आजही मला संकोच वाटतो. आमच्या घरी तांब्याची घागर नेहमी चिंचेने घासली जाई. घागरीवर हिरवा डाग दिसला, की आई म्हणे, "आधी तो जंगाल काढ, मग पाणी भर." हिरवेपणा म्हणजे घाण, असे लहानपणापासून मनात बसलेले. टाचणी लखलखीत झाली तर ती ओळखणे सोपे जाईल, अशा भाबड्या समजुतीने मी स्वयंपाकघरातून थोडी चिंच घेतली, तीत मीठ मिसळले आणि टाचणीचे डोके घासू लागलो. हिरवा थर हळूहळू सुटू लागला, आतून तांबूस धातू दिसू लागला. मी दिव्याखाली धरून पाहिले. ते लहानसे वर्तुळ कोठेच नव्हते. हिरव्या थराबरोबर तेही निघून गेले होते. मी तत्काळ हात थांबविला. परंतु डोक्याची एक बाजू तोवर कोरी झाली होती.

इंग्लंडमध्ये १९९७ साली 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' नावाची एक योजना सुरू झाली. सामान्य लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद तिच्यात ठेवली जाते, आणि आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. सोन्यारुप्याचे निधी सापडले तर ते कळविणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. तांब्याच्या एखाद्या टाचणीला ते बंधन नाही. तरीही असंख्य लोक आपण होऊन नोंद करावयास येतात. या कामी नेमलेल्या एका बाईंच्या समोर आम्ही जाऊन बसलो.

त्यांनी भिंगातून टाचणी पाहिली. "हिच्यावर लाल गंज नाही, म्हणजे ही लोखंडाची नव्हे," त्या म्हणाल्या. "हे तांब्याचे मिश्रधातू. आता ही किती जुनी ते पाहू. चारपाचशे वर्षांपूर्वीच्या पुष्कळ टाचण्यांना बारीक तार गुंडाळून डोके केलेले असे. हिचे डोके आणि दांडी एकाच तुकड्याची आहेत. शिवाय डोक्याचा आकार पाहा. एखाद्या घनाचे सगळे कोपरे छाटावेत, तसे त्याला पैलू आहेत. खाली बारीकसे कडे आहे, आणि दांडी टोकाकडे जाता जाता मध्येच किंचित फुगली आहे. ती का, सांगाल?"

मला सांगता येईना. त्यांनी आपल्या गळ्यातील लोकरी रुमालाच्या विणीत एक काडी खोवून दाखविली. "फुगीर भाग कापडातून पलीकडे गेला, की टाचणी सहजासहजी निसटत नाही. ही अँग्लो-सॅक्सन काळातील आहे, आठव्या किंवा नवव्या शतकातील. कोणा स्त्रीने डोक्यावरचे वस्त्र किंवा अंगावरची शाल हिने अडकविली असेल."

आठवे शतक! म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी वेरूळचे कैलास लेणे खोदले जात होते, ते शतक. इतक्या वर्षांपूर्वी कोणाच्या तरी वस्त्रातून निसटलेली वस्तू माझ्यासमोर मेजावर पडली होती.

एवढ्यात बाईंनी टाचणी फिरविली. "या बाजूला कोणी घासले?"

मी मान खाली घालून खरे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मातीत शेकडो वर्षे राहिल्यावर धातूचा वरचा पापुद्रा पालटून हा हिरवा थर बनतो. मूळ पृष्ठभागाची नक्षी पुष्कळदा या थरातच टिकून असते. तो काढला, की नक्षीही जाते. इतर बाजूंवरची वर्तुळे शिल्लक आहेत, हे आपले भाग्य."

नंतर त्यांनी म्हाताऱ्यांची वही मागितली. स्थानांक पाहताच त्यांचा चेहरा उजळला. त्याच शिवारात पूर्वी तशाच दोन टाचण्या आणि त्याच काळातील एक चिमुकले चांदीचे नाणे सापडल्याची नोंद त्यांच्याजवळ होती. "एक टाचणी कोणाचीही पडू शकते," त्या म्हणाल्या, "परंतु तीन टाचण्या आणि एक नाणे एकाच ठिकाणी मिळाली, तर तेथे वस्ती किंवा बाजार असण्याचा संभव आहे. ही वही नसती, तर हे मला कळले नसते."

परतताना मला दायमाबाद आठवले. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी असलेल्या या गावी १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना काशाच्या चार भव्य वस्तू सापडल्या: बैलांचा रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्यात त्या शेतकऱ्याचा काहीच दोष नव्हता. परंतु मातीच्या कोणत्या थरात, कोणत्या वस्तूंच्या सोबतीने त्या पडल्या होत्या, हे पाहावयास तेव्हा तेथे कोणी अभ्यासक नव्हता. म्हणूनच त्यांच्या काळाविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. एवढ्या मोठ्या हत्तीला जे सांगता आले नाही, ते आमच्या इवल्याशा टाचणीने सांगितले होते, आणि तेही एका वहीमुळे.

आपल्या देशातही १८७८ साली झालेल्या कायद्याने, जमिनीत दडलेला मौल्यवान निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे आवश्यक ठरविले आहे. उद्या तुम्हांला शेतात, विहिरीच्या खोदकामात वा नदीच्या दरडीत एखादी जुनी वस्तू दिसली, तर ती जागची हलवू नका, घासू नका. जागा नीट लक्षात ठेवा आणि शिक्षकांना किंवा वडीलधाऱ्यांना कळवा.

ती टाचणी आता त्या म्हाताऱ्यांच्या कपाटात, कापसावर ठेवलेली आहे. तिची घासलेली बाजू त्यांनी वर ठेवली आहे. मी कारण विचारले, तेव्हा ते मिस्कीलपणे म्हणाले, "तिच्या इतिहासात आता तुमचाही भाग आहे. वहीत मी तोही लिहिला आहे."